चारशे बारा झाडांच्या राईची हकीकत

श्रीवनदेवता प्रसन्न असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, चैत्रमासी एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले जे, डोंगरावरील देवीच्या राईतील झाडे रक्षावी, म्हणोन ती आधी मोजावी, ऐसा हुकूम दरबारातून सुटला. राईचा राखणदार बाळकोजी गावडे. त्याच्या वाडीचा झरा राईच्या मुळांशी पाझरे आणि त्यावर चाळीस उंबरे पाणी भरीत. मग मोजणीस दफ्तरदार विसाजीपंत जीपगाडीतून उतरले, आणि मोजल्या झाडावर खूण पाहिजे, नव्या खुणेस मंजुरी पाहिजे, मंजुरीस वर्ष पाहिजे, म्हणोन पंतांनी तोडीच्या झाडांवर मारावयाचा जुनाच हातोडा काढविला आणि साल सोलून झाडोझाड शिक्का ठोकविला. बाळकोजी कळवळोन बोलिला, "पंत, ही खूण तोडीची हाय. ठेकेदाराची माणसं खूण बघत्यात आन् झाड पाडत्यात. दुसरं काय इचारत न्हाईत." पंत हसोन वदले, "मूर्खा, आम्ही झाडे वाचवितो आहो. तू आम्हांस वन शिकवितोस?" एवढी अक्कल मोठ्या खुर्चीवाचून येत नाही.

मग आठवे दिवशी ठेकेदाराचे लोक करवती घेऊन आले आणि शिक्के पाहोन कामास लागले. बाळकोजी आडवा पडला, तो त्यांनी शिक्क्याकडे बोट दाखविले. मग तो तीन कोस धावत कचेरीत गेला. तेथे कारकून बोलिला, "तोंडी तक्रार चालत नाही. यंत्रात लॉगिन करून नोंदवावी लागते, आणि पासवर्ड पंतांपाशी." आणि पंत तर अचूक मोजणीची शाल घ्यावयास राजधानीस गेले होते! सायंकाळपर्यंत राई भुईसपाट जाहली आणि बाळकोजी ओंडक्यांत बसोन ढसढसा रडला.

मग पुढील फाल्गुनात झरा आटला आणि बाळकोजीने टँकरचा अर्ज गुदरला. पंतांनी यंत्र उघडिले आणि उत्तर लिहिले की, सदर वाडीस चारशे बारा झाडांची राई उभी असोन झरा बारमाही आहे, सबब टंचाई नाही, टँकर नामंजूर. बाळकोजी म्हणाला, "पंत, एकडाव येऊन बघा तरी." पंत वदले, "नोंद स्वच्छ असता बघावयाचे काय?" मग वाडीने गुरे सोडिली, भांडीकुंडी बांधिली आणि चाळीस उंबरे उठोन गेले. शेवटले दार बाळकोजीने ओढोन घेतले.

येणेप्रमाणे जैसे घडले तैसे लिहिले. राई दफ्तरी अद्याप हिरवीगार आहे. वाडीचे लोक कोठे गेले, याची नोंद नाही.