रेवणप्पांच्या ओट्यावरची रात्र

फुकट मिळालेली कोणतीही वस्तू आमचे शेजारी रेवणप्पा एक रात्र बाहेर ओट्यावर ठेवत. वाण्यानं दिलेलं कॅलेंडर असो, नाहीतर आमच्या घरचा फराळ. “मागनं काय येतंय बघू की,” म्हणत. फराळामागून बहुधा मुंग्या येत.

त्यांची थोरली बहीण बसम्माअक्का अर्धांगानं अंथरुणाला खिळली, तेव्हा या बिनलग्नाच्या माणसानं गिरणी सोडली आणि दारातच सुतळी विकायला मांडली. त्यात दोघांचं पोट भरेना. मी कचेरीत कारकून. अशा घराला सरकारी मदत मिळते, असं मी त्यांना सांगितलं आणि संशय ओढवून घेतला. मी सरकारचं मीठ खाणारा, मी तसंच बोलणार, असं म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. शेवटी अक्कांचं औषध बंद पडायची पाळी आली, तेव्हा कुठे अर्जावर सही केली. त्याआधी कागद रात्रभर ओट्यावर होताच.

पाहणीला आमचे साहेब आले. मी सोबत होतो. दारातून पाहतो तर काय! अक्का इरकल लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून भिंतीशी ताठ बसलेल्या. पुढ्यात निवडायच्या तांदळाचं सूप. अक्का आता बऱ्या आहेत, स्वयंपाकही त्याच करतात, असं रेवणप्पांनी ठणकावून सांगितलं. साहेबांनी चहा घेतला, मदतीची गरज नाही असं लिहिलं आणि निघाले.

त्यांची पाठ फिरते न फिरते तोच अक्का कलंडल्या. रेवणप्पांनी झेप घेऊन त्यांना सावरलं. पाठीला टेकू म्हणून पदराआड दडवलेली सुतळीची बंडलं घरभर गडगडली. मी संतापून विचारलं, हे काय केलंत?

“अशी बघितली असती तर सरकारनं आश्रमात नेली असती की, भाऊसाहेब. आमी फुकट सांबाळतो म्हनून,” ते म्हणाले. “मग मी कुनाला भरवू?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. धावत जाऊन मी साहेबांना कोपऱ्यावरून परत आणलं.

रेवणप्पा अक्कांचा हात धरून बसले होते. अक्कांना कुणीही नेणार नाही, मदत घरीच मिळेल, असं साहेब म्हणाले.

“मला नगं सांगू. अक्काला सांगा.”

साहेबांनी खाली बसून अक्कांना सांगितलं. रेवणप्पांनी तरीही हात सोडला नाही.