माणसांची आणेवारी

सुकदेवनाना माणसांची आणेवारी काढत. आणेवारी पिकाची काढतात, हे आमच्या खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पीक सोळा आणे आलं तर पूर्ण, आठ आण्यांच्या खाली गेलं तर दुष्काळ. नानांनी शिंदखेडा तालुक्यात तीस वर्षं तलाठी म्हणून हेच काम केलं होतं. निवृत्तीनंतर शेतं सुटली, सवय सुटली नाही. धुळ्याबाहेरच्या आमच्या वृद्धाश्रमात ते राहायला आले तेव्हा मी तिथे कारकून होतो. हातातली ट्रंक खाली ठेवायच्या आधी त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "दहा आणे. झोप कमी दिसते, चहा जास्त." मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती, केसरअक्का. मूलबाळ नव्हतं. गावचं घर पुतण्याच्या संसाराने भरलं होतं. अक्कांना गेल्या दोनेक वर्षांत माणसं ओळखू येईनाशी झाली होती. नानाही त्यातच आले. आश्रमाचा नियम असा होता की जो आपल्या पायांनी जेवणघरापर्यंत येईल त्यालाच ठेवायचं. अंथरुणाला खिळलेल्या बायकांना जळगावच्या एका संस्थेत पाठवत. तिथे फक्त बायका ठेवत. नानांनी हा नियम दोनदा वाचला आणि खाली सही करून वेळसुद्धा घातली.

आता माझं पाप सांगून टाकतो. आमच्याकडे 'दैनंदिन देखभाल नोंदवही' नावाची एक जाडजूड वही होती. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एक पान, प्रत्येक दिवसाला एक ओळ. जेवण, झोप, औषध, तक्रार असे रकाने. मी एक तारखेला 'ठीक, ठीक, दिले, नाही' लिहायचो आणि खाली तीस तारखेपर्यंत 'वरीलप्रमाणे'. दोन कप चहात सगळ्या आश्रमाची महिनाभराची देखभाल उरकायची. आठवड्याला डॉक्टर येत, वहीचं वजन पाहून खूश होत आणि सही करत.

नाना तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "दप्तर दाखवा." या स्वरात मागितल्यावर कारकुनाचा हात आपोआप कपाटाकडे जातो. त्यांनी नेमकं त्याच आठवड्यात वारलेल्या एका आबांचं पान काढलं.

"हे मंगळवारी गेले ना?"

"हो."

"शुक्रवारी यांची झोप ठीक आहे."

"चुकून राहिलं, नाना."

"आणि तक्रार नाही. तेवढं मात्र बरोबर लिहिलंत."

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याबरोबर फिरू लागले. डोक्याला पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. त्यांचं ब्रीदवाक्य एकच, "स्थळपाहणीशिवाय नोंद नाही." मी 'जेवण ठीक' म्हटलं की ते विचारत, "ठीक म्हणजे किती?" मग आम्ही ताटापाशी जायचो. नाना ताटाचा पंचनामा करत. 'दीड पोळी शिल्लक. वरण अर्धी वाटी शिल्लक. लोणचे संपूर्ण संपले.' शेजारच्या दोघांना पंच म्हणून सह्या कराव्या लागत. एकांना सही येत नव्हती, त्यांचा अंगठा घेतला. वरणाच्या अर्ध्या वाटीसाठी.

शनिवारी आणेवारी जाहीर होई. जेवणघराच्या दारावर यादी लागे आणि खाली हरकतींना तीन दिवसांची मुदत. म्हातारी माणसं या वयात कशाला हरकत घेतील, असं मला वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात सात अर्ज आले. एक निवृत्त मास्तर होते, त्यांना अकरा आणे लागले आणि त्यांच्या खोलीतल्या दुसऱ्यांना बारा. मास्तर दोन दिवस जिना चढून-उतरून दाखवत होते. नानांनी फेरपाहणी केली आणि आणखी एक आणा कापला.

"का?" मास्तर म्हणाले.

"दिवसाला नऊ तांबे पाणी पिता तुम्ही. मी मोजलंय. एवढं पाणी उसाला लागतं."

मास्तर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पण डॉक्टरांनी पहिल्यांदाच वही उघडून वाचली, 'पाणी नऊ तांबे' या ओळीवर थांबले आणि मास्तरांचं रक्त तपासायला पाठवलं. साखर निघाली, बरीच. त्यानंतर डॉक्टर आले की खोल्यांमध्ये जायच्या आधी माझ्या टेबलाशी बसून वही वाचायचे. आठ आण्यांखाली कुणी गेलं की डॉक्टरांना त्याच दिवशी निरोप जाई. मी आश्रमात नऊ वर्षं होतो. माझ्या वहीने कुणाचं काही बिघडवलं असेल का, हा प्रश्न मला त्या महिन्यापर्यंत पडला नव्हता. आता तो अधूनमधून पडू लागला.

एकच पान नाना कोरं ठेवत, ते अक्कांचं. मी विचारलं तर म्हणाले, "स्वतःच्या शेताची पाहणी स्वतः करायची नसते. नियम आहे." हा नियम कुठल्या कायद्यात आहे ते मी आजपर्यंत शोधलेलं नाही. पण अक्कांची नोंद माझ्याकडे आली. रोज मी त्यांच्या खाटेशी बसायचो, किती घास गेले ते पाहायचो, चालताना कुठला हात भिंतीला लागतो ते बघायचो. नाना ते पान वाचत आणि सही करत. पहिल्यांदा दहा आणे होते. दिवाळीला आठ झाले. थंडीत सात.

मग एका सोमवारी अक्का उठल्याच नाहीत. मंगळवारीही नाही. आयाबाईंनी खाटेवरच पेज भरवली. बुधवारी डॉक्टर येणार होते. खरी नोंद म्हणजे जळगाव, हे आश्रमात सगळ्यांना कळत होतं. त्या दोघांना या वयात नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवर तोडायचं माझ्या जिवावर आलं. मी दोन्ही दिवसांच्या ओळीत लिहिलं, 'जेवणघरात येऊन जेवल्या. चाल नेहमीची.' नऊ वर्षं आळसाने खोटं लिहिलं होतं, हे पहिलं खोटं मी मनापासून लिहिलं.

नानांनी पान वाचलं. सही केली नाही. एरवी ते माझ्याशी कचेरीतलं मराठी बोलत. त्या दिवशी अहिराणीत बोलले.

"हाई काय लिखेल शे, भाऊ?"

"नाना, खरं लिहिलं तर उद्या घेऊन जातील त्यांना."

"माले समजस. पन तिनी पाठ लाल व्हई जायेल शे. तुमी लिखं नई त डाक्टर दखी का?"

वहीत नसेल ते डॉक्टर कशाला बघतील, हे खरंच होतं. पाठ मी पाहिलीच नव्हती. नानांनी माझ्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली, रेघेवर सही केली आणि आपला नियम मोडून पहिल्यांदा स्वतः लिहायला घेतलं. 'दोन दिवस उठली नाही. पाठीवर उजव्या अंगास लाली, रुपयाएवढी. पेज सहा चमचे.' शेवटी आणेवारी, चार. अक्षर नेहमीसारखंच होतं, सरळ आणि टपोरं.

बुधवारी डॉक्टरांनी वही वाचली आणि सरळ पाठ पाहिली. वेळेवर कळलं म्हणाले, नाहीतर जखम हाडापर्यंत गेली असती. गुरुवारी सकाळी अक्कांना जळगावला न्यायला जीप आली, सोबत मी निघालो. नाना बरोबर यायला तयार नव्हते. "आजच्या नोंदी कोण घेणार?" म्हणाले. मला ते फार कोरडं वाटलं. जीप सुटताना त्यांनी खिडकीतून एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला.

तलाठ्याची बदली झाली की तो पुढच्याला चार्ज देतो. कुठलं दप्तर कुठे, कुठली किल्ली कशाची, सगळं लिहून. कागदावर तेच शीर्षक होतं, 'चार्ज देण्याबाबत'. पारोळ्याच्या पुढे मी तो उघडला. डाव्या कुशीवर निजवावे. चहा बशीतून द्यावा, कपाला घाबरते. वेणी घालताना दुखल्यास सांगत नाही, डोळे मिटते. अशा एकवीस बाबी होत्या. शेवटची अशी:

'दुपारी चार वाजता टोपी घातलेल्या कोणी इसमाने दारात उभे राहावे. तो सातबारा उताऱ्यासाठी आलेला शेतकरी आहे असे ती समजते व म्हणते, मालक पाहणीले जायेल शेतस, सांजले या. त्यास बरं म्हणून निघून जावे. एवढे झाल्यावर नीट जेवते. सदरचे काम आजवर मी करीत होतो.'

जळगावला पोचल्यावर मी तो कागद तिथल्या नर्सबाईंना दिला. त्यांनी सगळं नीट वाचून घेतलं, शेवटची बाब वाचून माझ्याकडे पाहिलं आणि वॉचमनला हाक मारली. तो सुट्टीवर होता. त्याची टोपी खुंटीवर होती. परतीची जीप मी थांबवून ठेवली आणि चार वाजता ती टोपी घालून अक्कांच्या दारात उभा राहिलो. त्या उशीवरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू, पण घरच्या बाईच्या रुबाबात म्हणाल्या, "मालक पाहणीले जायेल शेतस. सांजले या."

"बरं," मी म्हणालो. मग दाराआड होऊन पेजेचे चमचे मोजले.

संध्याकाळी धुळ्याला पोचलो तेव्हा नाना फाटकाशी उभे होते. मी त्यांना जागा सांगितली, खाट खिडकीजवळ आहे सांगितलं, पेज किती गेली ते चमच्यांत सांगितलं. मग चारची गोष्ट सांगितली, शब्दाला शब्द.

"मंग आजून मनी वाट दखी ऱ्हायनी ती," नाना स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, आणि सकाळची जळगावची एस्टी किती वाजता सुटते ते विचारलं.