पहिला प्रश्न आणि चार चिठ्ठ्या

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर मला कुणी नम्र वगैरे समजायला नको. व्याख्यानानंतरचा पहिला प्रश्न या शहरात माझ्यासारखा कुणीही विचारू शकत नाही!

धंद्यानं मी चष्मेवाला. पण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेपाचला, सार्वजनिक वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर विज्ञानाचं जाहीर व्याख्यान असतं आणि तिथे माझी दुसऱ्या रांगेतली खुर्ची ठरलेली असते. चौदा वर्षांत तीन व्याख्यानं चुकली. त्यातलं एक अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे, आणि तेही डॉक्टर काही केल्या ऐकेनात म्हणून.

व्याख्यान संपतं, टाळ्या होतात आणि अध्यक्षबाई विचारतात, "कुणाला काही प्रश्न?" त्यानंतर जी शांतता पसरते ती मी घड्याळ लावून मोजलेली आहे. सरासरी अकरा सेकंद. या अकरा सेकंदांत भलेभले शास्त्रज्ञ पाण्याची बाटली उघडतात, बंद करतात, पुन्हा उघडतात. एकदा बेडकांवर तीस वर्षं काम केलेले एक गृहस्थ आले होते. त्यांना कुणी म्हणजे कुणीच काही विचारलं नाही. ते हळूच कागद गोळा करून जिना उतरून गेले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हाच मी ठरवलं, की आपण असताना या सभागृहातून कुणी बिनप्रश्नाचं परत जाणार नाही. आज लोक मला नावानं ओळखत नाहीत, 'पहिला प्रश्न' म्हणून ओळखतात. मला त्याचा अभिमान आहे, लपवत नाही.

आणि यंदा त्या व्यासपीठावर कोण उभं राहणार होतं? माझी मुलगी!

विषय होता शहरातल्या भिंतींवरचं शेवाळ. ज्या शेवाळावर मी वीस वर्षं गच्चीत ब्रश घासला, त्याच शेवाळावर पोरीनं डॉक्टरेट मिळवली. पत्रक छापून आलं त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाईकाला अक्षरं वाचायच्या तक्त्याऐवजी तेच पत्रक वाचायला लावत होतो. ज्यांना खालची ओळ दिसली नाही, त्यांना मी ती वाचून दाखवली.

घरात मात्र आनंदाला एक अट होती. मुलगी म्हणाली, "बाबा, एक मागते. तुम्ही प्रश्न विचारायचा नाही."

"अगं, पण..."

"एकही नाही. वडिलांनी प्रश्न विचारला की लोकांना वाटतं, बिचारीला दुसरं कुणी विचारणारं नाही."

आता हे तुम्हाला सांगायलाच हवं. ती दहा वर्षांची असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाणी गाळायचं यंत्र घेऊन दिवसभर उभी होती. एकानंही थांबून काही विचारलं नाही. मी येतो म्हणालो होतो, पण दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी पोचलो तेव्हा टेबलं उचलत होते. घरी येताना तिनं मला विचारलं होतं, "बाबा, माझं काय चुकलं?" वीस वर्षं झाली, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यामुळे या वेळी काहीही झालं तरी ती अकरा सेकंदांची शांतता तिच्या वाट्याला येऊ द्यायची नव्हती.

मी शब्द दिला. शब्द मी पाळणारच होतो. पण मी न विचारण्याचा शब्द दिला होता, दुसऱ्यांनी न विचारण्याचा नव्हे!

दुकानात नंबर लिहून द्यायचं पॅड असतं. वर 'उजवा डोळा, डावा डोळा' छापलेलं, खाली मोकळी जागा. त्यावर मी आठवडाभर बसून चार उत्तम प्रश्न लिहिले. विचारायचे कसे, तेही कंसात लिहिलं, कारण प्रश्न नुसता असून भागत नाही, तो पेलता यावा लागतो. चिठ्ठ्या चार घड्या घालून गल्ल्यात ठेवल्या. त्याच गडबडीत शुक्रवारी अध्यक्षबाई स्वतःचा नवा चष्मा न्यायला आल्या. त्यांच्या नंबराची चिठ्ठीही मी चार घड्या घालून डबीत सरकवली आणि वर "उद्या लवकर या हं" असंही सांगितलं.

शनिवारी सकाळी वाटप केलं. एक माझ्या थोरल्या ताईला, एक ताईच्या यजमानांना, म्हणजे भाऊजींना, एक शेजारच्या सलूनवाल्याला आणि एक समोरच्या किल्लीवाल्याला. प्रत्येकाला बजावलं, "आधी उघडायची नाही. आधी वाचलं की प्रश्न पाठ केल्यासारखा वाटतो. बाई 'प्रश्न' म्हणाल्या की हात वर, मग चिठ्ठी उघडायची."

बायकोला पाचवी लिहून देणार होतो. ती म्हणाली, "मला काही विचारायचं असेल तर मी तिला घरी विचारीन. आणि तुम्ही हे जे चालवलंय ना, ते अंगाशी येणार आहे."

मी हसून सोडून दिलं. चौदा वर्षांचा अनुभव तिला थोडाच होता!

संध्याकाळी वाचनालयाच्या जिन्याला रंग चालू होता. 'कठड्याला हात लावू नये' अशी पाटी होती. भाऊजींनी पाटी वाचली आणि खात्री करून घेण्यासाठी हात लावला. वर सभागृह तुडुंब भरलं होतं. नव्वद खुर्च्या, शिवाय मागे उभी माणसं. माझी छाती इतकी फुगली की शर्टाच्या बटणाची काळजी वाटू लागली. मुलगी निळ्या कुर्त्यात उभी राहिली, दिवे मंद झाले आणि व्याख्यान सुरू झालं.

ताई तिसऱ्या रांगेत, भाऊजी तिच्या शेजारी, सलूनवाला खिडकीशी, किल्लीवाला दाराजवळ. मी वळून वळून चौघांना पाहत होतो. भाऊजी पेंगत तर नाहीत ना? किल्लीवाला दाराशी आहे, तो पळून तर जाणार नाही ना? ताईनं चिठ्ठी पर्समध्ये ठेवलीय की रुमालात? असा मी पंचेचाळीस मिनिटं जिवाचं रान करत होतो. मग टाळ्या झाल्या. मोठ्या टाळ्या. मीही सर्वांत जोरात वाजवल्या.

नव्या चष्म्यातून सभागृहाकडे बघत अध्यक्षबाई म्हणाल्या, "कुणाला काही प्रश्न?"

एक सेकंदसुद्धा गेला नाही. चार हात एकदम वर! भाऊजींचा तर हिरव्या रंगाचा. बाईंच्या भुवया वर गेल्या. चौदा वर्षांत त्यांनी असं दृश्य पाहिलं नव्हतं.

"हं, तुम्ही विचारा," त्यांनी ताईकडे बोट केलं.

ताई उठली. चिठ्ठी उघडली. हात लांब धरला, आणि जे दिसलं ते सगळं, पहिल्या अक्षरापासून, खणखणीत आवाजात वाचलं. "उजवा डोळा. डावा डोळा. शेवाळाला मुळं नसतात ना, मग ते भिंतीला धरून कसं राहतं? कंसात, इथे थोडं थांबून कपाळाला बोट लावावे."

आणि तिनं खरंच थांबून कपाळाला बोट लावलं.

पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं शांतपणे उत्तर दिलं, की मुळांसारखे बारीक तंतू असतात, ते फक्त धरून ठेवतात, पाणी शेवाळ पानांतूनच पितं. ताई खाली बसताना मला म्हणाली, "बरोबर झालं ना रे?" हे तिनं कुजबुजून विचारलं असं तिला वाटलं.

सलूनवाल्यानं माझं न ऐकता चिठ्ठी आधीच उघडून पाठ केली होती. मला जरा धीर आला. पण त्याच्या चिठ्ठीवर मी उत्तरही लिहून ठेवलं होतं, योग्य जागी मान डोलवता यावी म्हणून. त्यानं एका दमात म्हटलं, "शेवाळ वाळलं की मरतं का, तर नाही मरत, पाणी मिळालं की काही मिनिटांत पुन्हा हिरवं होतं, धन्यवाद." आणि बसला.

"यात माझ्यासाठी काही उरलं नाही," मुलगी म्हणाली. लोक हसले. हसले ते चांगल्या अर्थानं, असं मी स्वतःला समजावलं.

मग किल्लीवाला उठला. माणूस जबाबदार आहे. त्यानं चिठ्ठी उघडली, घसा साफ केला आणि ठामपणे वाचलं, "उजवा डोळा, मायनस अडीच. डावा डोळा, मायनस तीन. जवळचं, प्लस दोन. काच न चमकणारी."



"हा प्रश्न आहे का?" बाईंनी विचारलं.

"विज्ञानाचं आहे ना बाई," तो म्हणाला. "मला वाटलं, असेल काहीतरी."

बाईंनी नवा चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाल्या, "हा माझा नंबर आहे."

त्यांनी पर्स उघडली. चष्म्याची डबी काढली. डबीतून चार घड्यांची चिठ्ठी काढली. मी खुर्चीत खाली सरकलो. बाईंनी ती माईकसमोर वाचली, "शहरातल्या हवेबद्दल शेवाळ आपल्याला काय सांगतं? हे विचारताना खिडकीबाहेर पाहावे." मग चष्म्यावरून थेट माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मी कालपासून खिडकीबाहेर पाहतेय. मला वाटलं, डोळ्यांचा व्यायाम लिहून दिलाय."

सभागृह फुटलं. नव्वद खुर्च्या हसत होत्या. भाऊजींनी हात हळूहळू खाली आणला, वाटेत केस सारखे केल्याचं नाटक केलं आणि केसही हिरवे करून घेतले. मुलगी मात्र हसत नव्हती. ती पाण्याची बाटली उघडत होती आणि बंद करत होती.

"आता," बाई म्हणाल्या, "चिठ्ठी नसलेल्या कुणाचा प्रश्न?"

आणि शांतता पसरली. कोण विचारणार? जो हात वर करेल तो माझाच माणूस ठरणार! ज्या शांततेला अडवायला मी हा सगळा उपद्व्याप केला होता, ती मीच वाजतगाजत आणून पोरीसमोर बसवली होती. मी मोजत होतो. अकरा झाले. पंधरा झाले. जिभेवर दहा प्रश्न होते, पण शब्द दिलेला होता. वीस सेकंद. तिनं कागद गोळा करायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांसमोर शाळेतली ती उचलली जाणारी टेबलं उभी राहिली. मी मान खाली घातली.

"बाई, मी विचारू का?"

आवाज दारातून आला. जिना रंगवणारा रंगारी होता. हातात पत्र्याची पट्टी, पॅंटवर भाऊजींचाच हिरवा रंग.

"तुमच्याकडे चिठ्ठी आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी रंग वाळेपर्यंत ऐकत उभा होतो." तो मुलीकडे वळला. "ताई, मी सव्वीस वर्षं हे शेवाळ खरवडतोय. या इमारतीच्या मागच्या भिंतीवर एक पट्टा आहे, हातभर रुंद. चारदा खरवडला, चारदा रंगवला. दर वेळी तिथेच येतो, बोटभरसुद्धा इकडे तिकडे नाही. तिथे पाइप नाही, गळती नाही. तुम्ही म्हणालात, शेवाळ उगीच कुठे येत नाही. मग हे कशाला येतं?"

मुलीनं बाटली खाली ठेवली. "कितव्या मजल्यावर?"

"पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे."

"खरवडल्यावर किती दिवसांनी दिसतं?"

"पहिल्यांदा दोन वर्षं लागली. आता आठ महिन्यांत येतं."

"तुम्हाला हे सगळं लक्षात आहे?" तिचा चेहरा असा उजळला, की सभागृहाचे दिवे लावायची गरज राहिली नाही. "अहो, अशा नोंदी मला पाच वर्षं शोधून मिळाल्या नाहीत. भिंतीच्या आत कुठूनतरी ओल येतेय, आणि ती वाढतेय. मला दाखवाल?"

मग काय विचारता! कुणाची गच्ची, कुणाची विहीर, कुणाच्या ऑफिसची उत्तरेकडची भिंत. पन्नास मिनिटं प्रश्न चालले. शेवटी पहारेकऱ्यानं किल्ल्या वाजवल्या, तेव्हा अर्धं सभागृह तिच्या आणि रंगाऱ्याच्या मागून इमारतीमागे गेलं. ती भिंग घेऊन भिंतीला नाक लावून उभी, आणि चाळीस माणसं तिच्याभोवती. मी जो भेटेल त्याला सांगत होतो, "माझी मुलगी." अध्यक्षबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "कळलं. अक्षरावरून."

घरी आलो. आता माझी हजेरी घेतली जाणार म्हणून मी चहाचा कप धरून कोपऱ्यात बसलो. पण मुलगी समोर येऊन बसली आणि हसली. "चिठ्ठ्यांचं नंतर बघू. भाषण कसं झालं ते सांगा."

"अप्रतिम," मी म्हणालो. "चौदा वर्षांतलं सर्वांत उत्तम."

"कुठला भाग आवडला?"

मी तोंड उघडलं. ताई आठवली. भाऊजी आठवले. खिडकी, दार, पर्स, रुमाल, सगळं आठवलं. पंचेचाळीस मिनिटांतलं शेवाळ तेवढं आठवेना. स्वयंपाकघरातून बायको डोकावून पाहत होती. घरात शांतता पसरली. मी मोजली नाही, पण अकरा सेकंदांच्या वर नक्की होती.

"आलं लक्षात," मुलगी म्हणाली. मला वाटलं, उठून जाईल. तिनं लॅपटॉप काढला, चहाच्या कपांपलीकडे ठेवला, निळ्या कुर्त्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि पहिल्या चित्रापासून सुरुवात केली. माझ्या एकट्यासाठी, पूर्ण पंचेचाळीस मिनिटं. या वेळी मी एकदाही मान वळवली नाही. खरं सांगतो, वाचनालयातलं सर्वांत गाजलेलं कृष्णविवरांचं व्याख्यान त्यापुढे काहीच नव्हतं.

शेवटचं चित्र झालं. तिनं अध्यक्षबाईंसारखी मान वर केली. "कुणाला काही प्रश्न?"

चौदा वर्षांचा अनुभव पणाला लावून मी हात वर केला, थोडं थांबलो, कपाळाला बोट लावलं आणि विचारलं, "शेवाळाला मुळं नसतात ना, मग ते भिंतीला धरून कसं राहतं?"

"हा आत्यानं विचारून झालाय, बाबा," ती म्हणाली. "पुढचा."