रडक्या चेहऱ्यावरचं कोपर

मुलांच्या मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात सगळ्या खुर्च्या मुलांच्याच मापाच्या होत्या. बाबानं एका पिवळ्या खुर्चीत बसून पाहिलं, तर गुडघे थेट हनुवटीला भिडले. शेवटी तो उठला आणि दाराजवळच्या भिंतीला टेकला. आत त्याची चौदा वर्षांची लेक समुपदेशक ताईंकडे बसली होती. गेले काही महिने ती घरात ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ एवढ्यावरच भागवत होती.

बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. तेवढ्यात एका शिकाऊ बाईंचा फोन आला. उद्या त्यांची परीक्षा.

“घाबरायचं नाही. आधी आरसा बघा. आता स्टिअरिंग पूर्ण फिरवा. पूर्ण! आणखी! आता ब्रेक! ब्रेक!”

बाबा फोनवरही हातवारे करत, सगळ्या अंगानं शिकवत असे. त्याच्या पाठीमागे भिंतीवर ‘आजची भेट कशी वाटली?’ असं विचारणारं नवंकोरं यंत्र होतं. त्यावर तीन बटणं होती: हसरा चेहरा, सरळ तोंडाचा आणि रडका. स्टिअरिंगच्या प्रत्येक वळणाला बाबाचं कोपर रडक्यावर आपटत होतं.

ताई लेकीला घेऊन बाहेर आल्या आणि त्याच वेळी विभागप्रमुख मॅडम जिन्यावरून धापा टाकत उतरल्या.

“अहो, काय चाललंय काय? वर माझ्या संगणकावर सकाळपासून एक तक्रार नाही आणि आता रडक्यांचा नुसता पाऊस! या वेळात तुमच्याकडे होतं कोण?”

“ही एकटीच,” ताईंचा चेहरा उतरला.

बाबानं मान वळवून मागे पाहिलं, मग स्वतःच्या कोपराकडे पाहिलं. त्याचे कान तापले. सांगावं म्हणून तोंड उघडलं, तोवर मॅडम लेकीकडे वळल्याही होत्या.

“बाळा, तुला इतका त्रास झाला?” मॅडम हळवेपणानं म्हणाल्या. “पुढच्या वेळेपासून तुला दुसऱ्या ताईंकडे देऊ हं.”

“नाही!”

आवाज एवढा मोठा होता, की तो कोणाचा हे बाबाला क्षणभर कळलंच नाही.

“मला याच ताई हव्यात. मी गप्प बसले की त्याही गप्प बसतात. रागावून नाही, नुसत्या. मी काही सांगितलं, तर मध्येच उत्तर देत नाहीत. मला इथं यायला आवडतं!”

ताई भरून आलेले डोळे मिचकावत छताकडे बघू लागल्या.

“मग रडकं दाबलं कोणी?” मॅडम गोंधळल्या.

“मी,” बाबा कसाबसा म्हणाला. “म्हणजे, गाडी वळवताना.”

“कुठली गाडी?”

बाबानं हात फिरवून दाखवलं. आणखी दोन रडके नोंदले गेले. लेक खो खो हसत सुटली.

घरी जाताना गाडीत तिचं तोंड थांबेना. शाळेतल्या मैत्रिणीनं बोलणं कसं टाकलं, डबा एकटीनं कसा खावा लागतो, सगळं निघालं. “आणि बाबा, तू घरातसुद्धा गाडीच शिकवतोस. मी काही सांगायला लागले, की तुझा ब्रेक आधी!”

बाबाच्या ओठांवर निदान पाच सूचना आल्या. त्यानं त्या एकेक करून गिळल्या. त्या नादात घराकडचं वळणही चुकलं.

दार उघडताच आईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “अगं, बाबाला काय झालं? एक शब्द बोलत नाहीये!”

लेकीनं आईला हळूच बाजूला घेतलं.

“त्याला काही विचारू नकोस. थोडा वेळ दे. बोलेल आपणहून.”