न धुतलेले शर्ट

शुक्रवारी सकाळी बेल वाजली की मी आधी नवऱ्याला आंघोळीला जाण्यापासून अडवते. कारण दारात कासमचाचा असतात आणि त्यांना नवऱ्याच्या अंगावरचा शर्ट हवा असतो. न धुतलेला. जेवढा मळका तेवढा बरा.

हसू नका. पहिल्यांदा आले तेव्हा मी दार लावून घ्यायच्याच बेतात होते. ओमानमधल्या सीब गावात आमचा तिसरा मजला, हातात पिठाची परात, आणि समोर पांढरीशुभ्र दाढी, इस्त्रीचा सदरा, अत्तराचा घमघमाट. एवढा स्वच्छ माणूस अदबीनं विचारतोय, "वहिनी, न धुतलेला एखादा शर्ट हाय काय घरात?"

चूक अर्थात आमच्या प्रसादची. निझवाच्या बकरी बाजारात हा नुसता गंमत बघायला गेला होता. तिथे कुणीतरी एका बकरीला अस्सल रत्नागिरीच्या भाषेत झापताना ऐकलं, आणि आमच्या माणसाला भरून आलं. "कधी सीबला आलात तर चहाला या" म्हणून पत्ता देऊन मोकळा. आखातात असं म्हटलं की माणसं खरंच येतात.

कासमचाचांचं काम विचाराल तर एका वाक्यात सांगता येतं: लांडग्याला लांब ठेवणे. निझवाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, त्यांच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, बकऱ्यांचा वाडा आहे. शेजारून वादी जाते. वादी म्हणजे बहुतेक वर्षभर कोरडीच पडलेली नदी. त्या वादीतून एक म्हातारी लंगडी लांडगीण येते आणि करडं उचलते. तिला येऊ द्यायचं नाही, ही चाचांची नोकरी. आयुष्यभर त्यांनी तेवढंच केलंय. बंदूक नाही, सापळा नाही. माणसाचा वास.

"लांडगा माणसाला घाबरतो, वहिनी. पण एकच वास रोज आला की शिकतो. माझा वास तिनं पाठ केलाय. तिच्या लेखी मी घरचाच. आता मना पावणे लागतात."

हे पाहुणे म्हणजे आमचे शर्ट. वाड्याभोवती काठ्या रोवायच्या, त्यांवर लोकांचे घामेजलेले शर्ट चढवायचे आणि दर आठवड्याला बदलायचे. लांडगीण लांबून हुंगते, तिला वाटतं, बाप रे, केवढी माणसं मुक्कामाला आलीत! ती परत जाते. "तिची ड्युटी ती करते, माझी ड्युटी मी करतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लांडगिणीबद्दल ते असं बोलतात, जसं दुसऱ्या शिफ्टला काम करणाऱ्या बाईबद्दल बोलावं.

बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींनी आधी नाकं मुरडली, मग चुरस लागली. कारण चाचा शर्ट हुंगून पसंत-नापसंत करायचे. अल् खुवैरला एसी ऑफिसात बसणाऱ्या आमच्या प्रसादचा शर्ट त्यांनी नाकाशी धरला आणि दुःखानं मान हलवली. "साहेब, ह्यो घाम नाय. ह्या नुसता पाणी हाय." प्रसादला ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी समुद्रावर पळायला जायला लागला. मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून जे झालं नाही, ते एका लांडगिणीनं करून दाखवलं.

हिवाळ्यात एकदा आम्ही तो वाडा पाहायला गेलो होतो. सूर्य डोंगराआड चालला होता, डोंगर आधी गुलाबी, मग जांभळा. खजुरांच्या मागून पाटाचं पाणी हळू वाहत होतं. झोपडीत कुणीतरी लोबान जाळला होता आणि त्याचा धूर उठावं की नको अशा आळसात जमिनीलगत फिरत होता. आणि वाड्याभोवती आमची अख्खी बिल्डिंग उभी. वारा आला की बाह्या फुगायच्या. तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांचा चौकड्यांचा शर्ट सावकाश हात वर करायचा, आमच्या प्रसादचा निळा शर्ट जरा वळून बघायचा. मला शपथेवर वाटलं, आता हे एकमेकांशी बोलतील. आपण जागे आहोत की दुपारच्या झोपेतच अजून, तेच मला कळेना.

चाचा त्या सगळ्यांमधून फिरत होते आणि खुशाल गप्पा मारत होते. "कुलकर्णीसाहेब, हात खाली. प्रसादभाय, जरा सरळ उभं रवा, लांडगीण काय म्हनंल?" एकेका कॉलरवरची धूळ झटकत होते. प्रसाद, म्हणजे खरा प्रसाद, माझ्या कानात म्हणाला, "माझ्यापेक्षा माझ्या शर्टाशी हा माणूस जास्त बोलतो." मी म्हटलं, "मी पण बोलेन. तो उलट उत्तर देत नाही."

असं सगळं छान चाललेलं असताना या उन्हाळ्यात पुण्याहून सासूबाई आल्या.

सासूबाई म्हणजे स्वच्छतेचा कहर. सासरे गेल्यापासून तर जास्तच. घरात काही मळकं दिसलं की त्यांचा जीव वरखाली होतो. मशीनवर विश्वास नाही, बादलीत भिजवून हातानं चोळणार. मी एका गुरुवारी ऑफिसला गेले आणि दाराशी चाचांसाठी जमवलेली पिशवी तशीच राहिली. बिल्डिंगमधली मंडळी मुलांच्या सुट्टीत भारतात गेली होती, जातानाचे शर्ट आमच्याकडे टाकून. घरी येऊन बघते तर सगळे शर्ट धुऊन, सुवासिक पाण्यातून काढून, इस्त्री करून, घडीवर घडी. वर बेसनाच्या लाडवांचा डबा.

"अहो आई, हे तसेच द्यायचे होते!"

"मळके कपडे का कुणाला देतात, गं? लोक काय म्हणतील? देशपांड्यांच्या घरातून मळकं गेलं?"

आता या बाईला लांडगीण कशी समजावून सांगायची? मी समजावत होतेच, तेवढ्यात दुसऱ्या दिवशीची बेल वाजली. चाचांनी पिशवी उघडली. त्या वासानं त्यांच्या नाकपुड्या हलल्या, हे मी पाहिलं. पण सासूबाई समोर कौतुकानं उभ्या होत्या. चाचा म्हणाले, "फर्स्ट क्लास, आई. काय सफाई हाय हातात! माशाल्ला." आणि लाडू खात पिशवी घेऊन गेले.

पुढच्या शुक्रवारी आले तेव्हा कपाला हात लावेनात. चहा निवला. प्रसादनं फार खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांनी ते शर्ट लावले होते. "आईनी इस्त्री केलेले. परत कसे करायचे?" लांडगीण आली, फुलांच्या वासाच्या शर्टांमधून रमतगमत चालत गेली आणि करडू उचललं. अर्बाब भडकला. आणखी एक जरी करडू गेलं तर तो विष घालणाऱ्या माणसाला बोलावणार. लांडगा मारायला इथे मनाई आहे, पण डोंगरात विषाचं मटण कुणी टाकलं ते कोण बघायला जातंय?

"लांडगीण खलास. मी पन खलास, वहिनी. मग ह्या वयात मुलकात जाऊन काय करू? तिथं माझा कोन हाय?"

आत स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं.

घरात त्या क्षणी एकही मळका शर्ट नव्हता. असणार कसा? प्रसादच्या अंगावरचासुद्धा सासूबाईंनी सकाळीच बादलीत टाकला होता. चाचा रिकाम्या हातानं गेले. आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. सासूबाईंनी प्रसादला बंडी, एकावर एक दोन शर्ट, वर स्वेटर असं चढवून भर उन्हाळ्यात जिना चढायला-उतरायला लावलं. स्वतः खाली खुर्ची टाकून बसल्या. "अजून एकदा, बाळा. यल्ला!" चला-चला म्हणायचा हा इथला शब्द त्या आल्यापासून शिकल्या होत्या. बाळ घामानं निथळत होता. बंडी आणि दोन्ही शर्ट त्यांनी स्वतः, चेहरा घट्ट करून, पिशवीत भरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीत माझ्या आधी जाऊन बसल्या.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चाचा वाड्याबाहेर बसले होते. आमचे धुतलेले शर्ट त्यांनी काढून ठेवले होते. वादीच्या बाजूला एकाच काठीवर काहीतरी हिरवं हलत होतं. ओढणी.

"काल आली होती," चाचा म्हणाले. वाळूत पावलं दाखवली. लंगड्या पायाची, एक ठसा खोल, एक पुसट. पावलं सरळ वाड्याकडे येत होती. ओढणीपासून चार हातांवर थबकली होती, गोल फिरली होती आणि डोंगराकडे परत गेली होती. करडं सगळी आत, धडधाकट.

"आमची जुलेखा," ते ओढणीकडे बघत म्हणाले. "तिला सगला मोहल्ला घाबरायचा. लांडगीण काय चीज हाय!" आणि हसले. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे भरून आले.

जुलेखा, त्यांची बायको, गेली तेव्हा चाचा इथे होते. विमान मिळून गावी पोचेपर्यंत मातीही झाली होती. जुलेखाच्या बहिणीनं घर आवरायला घेतलं होतं, धुणं भिजवणार होती. तिच्या हातून ही एक ओढणी त्यांनी ओढून घेतली. तेव्हापासून ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. वर्षात फक्त ईदला उघडायची. एकदाच श्वास घ्यायचा आणि झाकण बंद, नाहीतर वास सरेल.

"लांडगिणीनं सगल्या मानसांचा वास पाठ केला होता. हीच एक उरली होती," चाचा म्हणाले. "काय करू? दोघांची नोकरी जात होती."

काल संध्याकाळपासून ती ओढणी वाऱ्यात होती. आज दिवसभर ओमानच्या उन्हात. त्यांनी ती काठीवरून हळूच उतरवली, तान्ह्या मुलाला उचलावं तशी, आणि माझ्यापुढे धरली. "माझा नाक बकऱ्यांनी कामातून गेलाय, वहिनी. तुम्ही बघा. हाय काय काय ऱ्हायलेला?"

मी ओढणी नाकाशी नेली. तापलेलं ऊन, धूळ, बकऱ्या. दुसरं काही नव्हतं. मी ती पुन्हा एकदा हुंगली. तेवढ्यात सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली. डोळे मिटून, चेहरा पुरता त्यात बुडवून, बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. वारा पडला होता. एक बकरी येऊन त्यांचा पदर चघळायला लागली तरी त्या हलल्या नाहीत.

"आहे," त्या म्हणाल्या. "थोडा आहे. पण आहे हो. चला, लवकर डबा आणा. उघडं नका ठेवू."

चाचा धावत गेले. त्या वयाचा माणूस इतका पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. ओढणी प्लास्टिकमध्ये गेली, प्लास्टिक डब्यात, झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं. मग त्यांनी प्रसादचे शर्ट काठ्यांवर चढवले, एक हुंगून बघितला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "साहेब, आता झाला घाम!"

परतताना मागच्या सीटवर सासूबाई खिडकीतून डोंगर बघत होत्या. न राहवून मी विचारलं, "आई, खरंच वास होता?"

डोंगर संपून सपाटी लागल्यावर, मला वाटलं झोपल्या असतील, तेव्हा म्हणाल्या, "पुण्याला कपाटात ह्यांचा स्वेटर आहे ना, तपकिरी. तो मी अजून धुतलेला नाही."

प्रसादनं गाडीचा वेग उगाचच कमी केला.

पुढच्या शुक्रवारी बेल वाजली तेव्हा मी उठायच्या आधी सासूबाई दारात पोचल्या होत्या. हातातली पिशवी चाचांपुढे धरून म्हणाल्या, "घ्या. मी हातसुद्धा लावलेला नाही. आणि आत या आधी, चहा ठेवलाय."