टेंबेकाका पुढे चालतात

आमचे टेंबेकाका नोव्हेंबर ते एप्रिल गळ्यात दोन टोकदार खिळे घालून हिंडतात. लाकडी मुठीचे, दोरीत ओवलेले. बर्फ फुटून माणूस तळ्यात पडला, तर ते कडेच्या बर्फात रोवून वर यायचं असतं. तळ्यावर हे ठीक आहे, पण काका ते घालून इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडतात. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला कोणीतरी विचारलं, "काका, हा कुठला नवा दागिना?"

"आपल्या पार्किंग लॉटखाली काय आहे, बघितलंयस? धरून चालायचं नाही."

हे त्यांचं पालुपद. सगळी हयात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलेला माणूस. दूध ताजं आहे, लिफ्ट वर जाईल, समोरचा सिग्नलला थांबेल, काही म्हणजे काही धरून चालायचं नाही. इथे ईडन प्रेरी गावात आमचं दार त्यांच्या दाराला लागून. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात आणि मग मला हाक मारून एकदा ओढायला लावतात.

असा हा माणूस दर जानेवारीत पाच तास ड्राइव्ह करून पार उत्तरेच्या जंगलात जातो आणि गोठलेल्या तळ्यावर लेक ट्राउट नावाचा मासा पकडायला बसतो. त्यांची मुलगी इरा तिकडे असते. आयटीतली चांगली नोकरी सोडून ती गाइड झाली. हिवाळाभर लोकांना त्या तळ्यांवर मासेमारीला नेते.

यंदा काकांनी मलाच गळ घातली. "तिसरं माणूस पाहिजे गं. एक बुडालं तर एकाने दोर ओढायचा, एकाने मदतीला पळायचं."

"फोन करता येईल की, काका."

"रेंज असेल असं धरून चालायचं नाही."

मी आशेने काकूंकडे बघितलं. "मी नाही बाई येणार," काकू म्हणाल्या. "मला इथे देवासमोर बसून नीट घाबरता येतं."

त्या जंगलात गाड्या, मोटरी बंद. सामान स्लेजवर बांधून पायी जायचं. तिघांच्या कमरेला एकच दोर. पुढे काका पहार घेऊन, मध्ये मी, मागे स्लेज ओढणारी इरा. ठक, पाऊल. ठक, पाऊल. काका पहारीने प्रत्येक फूट वाजवून बघत होते.

"बाबा, इट्स एटीन इंचेस. इथून ट्रक जाईल."

"ट्रकला आईबाप नसतात," काका म्हणाले आणि पुन्हा ठक.

तेवढ्यात पायाखालून आवाज निघाला. या काठापासून त्या काठापर्यंत धावत गेलेला, हंबरल्यासारखा. मी जागीच थांबले. इरा म्हणाली, "दॅट्स गुड आइस. थंडी वाढली की ते असं बोलतं." मी हसायचा प्रयत्न केला, पण गाल हलेनात.

तिने गिरमिट हाताने फिरवून भोक पाडलं. खाली काळं, गप्प पाणी. "साठ फूट," ती म्हणाली. मी दोन पावलं मागे सरले आणि मागेही साठ फूटच आहेत हे लक्षात आलं. काका आखूड गळ धरून बसले, पण नजर सारखी इरावर. तासाभराने मासा लागला, दोरी सरसरली, आणि नेमका बर्फ पुन्हा हंबरला. काका गळ टाकून लेकीकडे धावले. इराने तो गळ भोकात जाता जाता झडप घालून धरला. पांढुरक्या ठिपक्यांचा हातभर लांब मासा वर आला. काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

परतताना वाऱ्याने भुरभुर बर्फ उडवायला सुरुवात केली. दहा मिनिटांत आमच्या पाऊलखुणा गेल्या, काठ गेला, काकाही दिसेनासे झाले. फक्त पुढून ठक, ठक.

"बाबा, लेफ्ट! लेफ्टला!" दोर उजवीकडे वळायला लागला तशी इरा अचानक ओरडली.

पुढचा ठक आलाच नाही. पहार आवाज न करता आत गेली आणि पाठोपाठ काका. माझ्या कमरेला हिसका बसला, मी तोंडावर आपटले. काका छातीपर्यंत पाण्यात. गळ्यातले खिळे तीन जाकिटांच्या आत, चेनखाली. त्यांचे हात नुसते जाकीट चाचपत होते. इरा पालथी पडून सरपटत माझ्यापुढे गेली. एरवी इंग्रजी मिसळल्याशिवाय मराठी न बोलणारी ती पोर किंचाळत होती, "पाय मार, बाबा! पोहल्यासारखे पाय मार!" आम्ही दोघींनी दोर ओढला. किती वेळ, मला सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर काकांचे पहिले शब्द, "इरा, मागे सर. तू आधी मागे सर."

इराच्या केबिनमध्ये शेगडीपाशी तीन ब्लँकेटांत गुंडाळल्यावर त्यांचे ओठ निळ्याचे गुलाबी झाले. इरा लाकडं आणायला बाहेर गेली होती. मग मात्र मी चिडले. "एवढी भीती वाटते, तर येता कशाला, काका?"

"घरी बसलं की रोज बुडते ती," काका हळूच म्हणाले. "डोळा लागला की बुडते. इथे येऊन एकदा तिच्यापुढे चाललो ना, की दोन-तीन आठवडे बुडत नाही."

सकाळी मी गाडीवरचा बर्फ खरवडत होते, तेव्हा इरा माझ्याजवळ आली. "बाबाला सांगू नकोस. तो यायच्या आदल्या दिवशी मी पूर्ण रूट चालते. दर दहा पावलांवर होल करून बघते. मग त्याला पुढे जाऊ देते. काल स्नोमध्ये त्याने लाइन सोडली, पातळ बर्फाकडे गेला."

"एकटी जातेस? दोर बांधून?"

"एकटीने दोर कुणाला बांधणार?" ती म्हणाली आणि काच पुसत राहिली.

गाडी हमरस्त्याला लागली. "बघितलंस ना?" काका म्हणाले. "मी पुढे होतो म्हणून. नाहीतर पोरगी सरळ त्यात गेली असती."

"हो, काका."

वाटेतलं डुलुथ शहर यायच्या आत ते घोरायला लागले. त्यांना उठवून सांगावं असं दोनदा तोंडाशी आलं. नाही सांगितलं. त्या तळ्यावर एकटीच चालत जाणारी इरा मला घरापर्यंत दिसत राहिली.