नकली काडतुसांची पूजा

"बंदुकीच्या घरात निष्काळजी माणूस नको!" हे बंडूजींचं आवडतं वाक्य होतं, आणि ते म्हणताना ते न चुकता बायकोकडे पाहत.

हिंगणीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान. खिळ्यांच्या डब्यात चुकून एखादा स्क्रू गेला तर या माणसाला जेवण गोड लागत नसे! शेत मात्र थेट बोरच्या जंगलाला लागून. रानडुकरं तिथं बारशाला बोलावल्यासारखी सहकुटुंब येत. म्हणून वडिलांच्या काळापासून घरात एक रायफल होती, रीतसर परवान्याची. बंडूजी ती खांद्यावर टाकून बांधावरून फेरी मारत. डुकरं मान वर करून पाहत आणि पुन्हा सोयाबीनला लागत. बंडूजींच्या मते तो डुकरांचा उद्धटपणा होता.

निवडणुकीच्या वेळी सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या, तशी यांचीही झाली. परत आली तेव्हा बोल्टवर, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यावर, गंज धरलेला. बंडूजींनी तिला तेल पाजलं, पुसली, पुन्हा पुसली. पण ती नीट चालते की नाही, हे कळायचं कसं?

शेजारच्या माणसानं सुचवलं, "एक गोळी हवेत झाडून पाहा ना, भाऊ."

"हवेत? अन् ती खाली कोणाच्या डोक्यावर येईन?" बंडूजी कडाडले. "माह्या घरात खरं काडतूस बंदुकीत जाणार नाई म्हणजे नाई! मी नकली बनवतो. त्याच्यावर तपासतो. याले म्हंतात सेफ्टी!"

कल्पना चांगलीच होती. तिच्यात खोट नव्हती. खोट होती बंडूजींच्या हौसेत!

साध्या माणसानं काय केलं असतं? उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी घेतली असती, पुढं लाकडाचं टोक बसवलं असतं, सगळ्याला निळा रंग फासला असता आणि मोकळा झाला असता. पण बंडूजींना कामात कच्चेपणा खपत नसे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवणाऱ्या सुताराकडून त्यांनी टोकं कातून घेतली. त्यांना तांब्याचा रंग दिला, तो पसंत पडेना म्हणून दुसरा हात दिला. वजन कमी भरतंय म्हणून आत बारीक रेती भरली आणि दुकानातल्या काट्यावर तोलून पाहिली. बुडाला, जिच्यावर ठोका बसून बार उडतो त्या टोपीच्या जागी, खोडरबराचा तुकडा बसवला आणि त्यावरही चंदेरी रंग! शेवटी खरं आणि नकली शेजारी ठेवलं, तर बंडूजी स्वतःच चकले. मग ओळखीसाठी प्रत्येक नकली काडतुसाच्या टोकावर लाल रंगाचा ठिपका दिला.

"कोणाच्या बापाले ओळखू येणार नाई!" ते मंदाबाईंना म्हणाले.

"मंग फायदा काय?" मंदाबाईंनी विचारलं.

आता या प्रश्नावर शहाण्या माणसानं थोडं थांबायला हवं होतं. बंडूजी थांबले नाहीत.

पुढचे कितीतरी दिवस घरात एकच आवाज होता. खट्, खटाक! बोल्ट मागं, काडतूस आत, घोडा दाब, बोल्ट मागं, काडतूस बाहेर. अडकत नव्हतं, घसरत नव्हतं. बंडूजींनी निकाल जाहीर केला, "बंदूक एकदम फस्क्लास! आता कलेक्टर येवो का डुक्कर येवो!"

आला दसरा.

या दसऱ्याला विशेष महत्त्व होतं. मुलगी हर्षाचं लग्न पिपरी मेघेच्या नीलेशशी ठरलं होतं. दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. नीलेशचे वडील योगेंद्रजी सोनं द्यायला म्हणून आज पहिल्यांदाच घरी यायचे होते. बंडूजींनी सकाळीच रायफल आणि नकली काडतुसं मंदाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"शस्त्रपूजेले हे मांडजो. खरी काडतुसं कपाटातच राहू दे."

"अवो, देवापुढं खोट्याची पूजा करता?" मंदाबाईंचा चेहरा पडला. "सणासुदीचा दिवस आहे."

"देवाले बी ओळखू येणार नाई!"

मंदाबाई गप्प बसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्या गप्प बसल्या की नेमकं काय होतं, हे बंडूजींना ठाऊक असायला हवं होतं. पण ते दाढी करायला निघून गेले.

योगेंद्रजी दुपारी आले. आडवेतिडवे, मोठ्या आवाजाचे, दिलदार गृहस्थ. आपट्याची पानं हातात देऊन त्यांनी बंडूजींना अशी मिठी मारली की बंडूजींचा चष्मा वाकडा झाला. खुर्चीत बसतात न बसतात तोच त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या पाटावर गेलं. पाटावर रायफल, तिच्यावर झेंडूचा हार, शेजारी ताटलीत काडतुसं.

"बाप्पा! असली बंदूक?"

"बंदूक असली, काडतुसं नकली," बंडूजी म्हणाले, आणि त्यांची कळी खुलली. मग लाकूड, रेती, खोडरबर, रंगाचे दोन हात, सगळी कथा झाली, अगदी "कोणाच्या बापाले ओळखू येणार नाई"सकट. ताटलीतून त्यांनी हाताला आलं ते काडतूस उचललं. टोकावर लाल ठिपका होताच. खटाक! ते आत गेलं. "पाहा, लोण्यावानी जाते. घ्या, हातात घ्या."

"घोडा दाबला तर चालन?"

"खुशाल दाबा! लेकरानं दाबला तरी काई होत नाई. सेफ्टी म्हंतात याले."

योगेंद्रजींना जन्मात पहिल्यांदा रायफल हातात मिळाली होती. त्यांनी आधी कॅलेंडरवरच्या वाघावर नेम धरला. मग घड्याळावर. मग मिशीतल्या मिशीत हसत त्यांनी नळी थेट बंडूजींच्या छातीवर रोखली.

"हात वर करा, व्याहीबुवा! पोरगी देता का नाई?"

बंडूजी खदखदून हसले. दोन्ही हात वर करून ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून उभे राहिले. तेवढ्यात बाजूच्या खोलीतून मंदाबाई चिवड्याच्या प्लेटा घेऊन आल्या.

"खेळा, खेळा," त्या कौतुकानं म्हणाल्या. "पण एक सांगायचं राह्यलंच. मले काई खोट्याची पूजा पटली नाई बाई. म्या कपाटातली खरी बी काढली अन् सोबतच मांडली त्या ताटलीत. सगळ्याइले सारखं हळदी-कुंकू वाह्यलं. टोक म्हंजे त्याचं कपाळच की नाई?"

बंडूजींचे हात वर होते ते वरच राहिले. हसू मात्र खाली आलं.

त्यांनी नजर तिरपी करून ताटलीकडे पाहिलं. सगळ्या काडतुसांच्या टोकावर लाल. सगळ्याच्या सगळ्या! कुठला लाल रंग आणि कुठलं कुंकू, इथून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यांनी मघाशी उचललं ते कुठलं होतं?

नळीचं काळं भोक त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाकडे पाहत होतं. योगेंद्रजींचं जाड बोट घोड्यावर होतं.

ओरडावं? ओरडलं तर हा माणूस दचकेल, आणि दचकला की बोट आवळेल. खरं सांगायचं तर त्या क्षणीही बंडूजींच्या मनात आधी इज्जतीचा विचार आला. साक्षगंधाआधीच व्याह्यासमोर ही शोभा! पण ते जाड बोट घोड्यावरून हटेना, तशी इज्जत बाजूला झाली.

"व्याहीबुवा," ते अगदी हळू, तान्ह्या बाळाला निजवावं तशा आवाजात म्हणाले, "बोट काढा. बंदूक खाली करा. ते... ते खरं असू शकते."

योगेंद्रजी मग गडगडाटी हसले. हसताना नळी वर-खाली हलली.

"वा! काय अॅक्टिंग करून राह्यले! घाम बी आणला कपाळाले!"

"अॅक्टिंग नाई, देवाशपथ! तुम्ही आत्ता ऐकलं ना ही काय म्हणाली?"

"दोघं मिळून मले बनवता काय? आत्ताच तुम्हीच सांगतलं ना, कोणाच्या बापाले ओळखू येणार नाई म्हणून! मी काई एवढा भोळा नाई."

आपलं वाक्य असं उलटून अंगावर येईल, हे बंडूजींच्या स्वप्नातही नव्हतं. मंदाबाई एक पाऊल पुढं आल्या. "अवो, खरंच आहे बाप्पा ते!" त्या म्हणाल्या, आणि योगेंद्रजी आणखीच हसले. "ईनबाई त् तुमच्याहून भारी अॅक्टिंग करते!"

बाजूला उडी मारावी. बस्स! डावीकडे सोफा, सोफ्यामागं भिंत. बंडूजींनी डावा पाय उचलला.

"बाबा, चहात साखर किती?"

हर्षाचा आवाज अगदी पाठीमागून आला. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. नवी मोरपंखी साडी, होणाऱ्या सासऱ्यासमोर यायचं म्हणून डोक्यावर पदर. बंडूजींच्या बरोबर मागं, नळीच्या बरोबर रेषेत.

बंडूजींनी उचललेला पाय परत होता तिथंच ठेवला.

आता त्यांना काडतूस आठवत नव्हतं, परवाना आठवत नव्हता, इज्जत तर मुळीच नाही. आपण हललो तर पोरगी उघडी पडते, एवढंच कळत होतं. हा खिळे मोजणारा, बायकोला दिवसातून दहा वेळा टोकणारा माणूस जागच्या जागी जितकं रुंद होता येईल तितका रुंद झाला.

"हर्षा," ते मागं न पाहता म्हणाले, "आत जा बेटा. लवकर जा."

"पण बाबा, साखर..."

"आत जा म्हणलं ना!"

तो आवाज इतका भयंकर निघाला की योगेंद्रजी दचकले. आणि व्हायचं तेच झालं. बोट आवळलं गेलं.

खट्!

मंदाबाईंच्या हातून प्लेटा सुटल्या. घरभर चिवडा! बंडूजींनी डोळे मिटले होते. त्यांनी आधी एक उघडला. सदऱ्याचं दुसरं बटण जागेवर होतं. मागं हर्षा ट्रेसकट उभी होती.

"पाहा!" योगेंद्रजी आनंदानं ओरडले. "नकलीच होतं! मी म्हणलं नाई?"

बंडूजींनी पुढं होऊन रायफल काढून घेतली आणि मटकन खाली बसले. नळी भिंतीकडे करून बोल्ट मागं ओढला. काडतूस टुणकन बाहेर पडलं, चिवड्यातून घरंगळत गेलं आणि योगेंद्रजींच्या बुटाला लागून थांबलं.

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. बंडूजींनी ते उचललं, कुंकू पुसलं. खाली लाल रंग नव्हता. पण बोटानं रंगही निघाला असेल, घामानं! वजन? वजन सारखंच. ते तर त्यांनीच काट्यावर जुळवलं होतं. हलवून पाहिलं. आत काहीतरी हलत होतं. रेती की दारू, कोण सांगणार?

"तुमचंच काम, तुमालेच ओळखू नाई येऊन राह्यलं?" योगेंद्रजींचं हसू आता जरा पातळ झालं होतं.

मंदाबाईंनी शिलाईच्या डब्यातली सुई आणली. "लाकूड असन त् रुतन," त्या म्हणाल्या.

बंडूजींनी आधी ताटलीतलं दुसरं एक काडतूस घेऊन टोकात सुई टोचली. लोणच्याच्या फोडीत रुतावी तशी रुतली. मग घरंगळलेलं घेतलं. सुई टेकवली. दाबली. सुई घसरली. पुन्हा दाबली.

सुई वाकली.

योगेंद्रजी हळूच खुर्चीत बसले. तो मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे! त्यांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं, मग हर्षाकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "पाणी," एवढंच ते म्हणाले. हर्षानं पाणी आणलं. हर्षा ते देताना रडत होती, आणि योगेंद्रजी ते पिताना रडत होते.

बंडूजींनी खरी काडतुसं एकेक सुईनं तपासून कपाटात कोंडली, किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली आणि मग मनात घोळत असलेला प्रश्न विचारायला बंदुकीकडे वळले. काडतूस खरं, घोडा दाबला, मग बार का झाला नाही? त्यांनी बोल्ट बाहेर काढला, पेपरवर उभा धरून ठोकला. आतून आधी गंजाचा चुरा पडला. मग, टोपीवर आदळून बार उडवणारी जी पिन असते, तिचा मोडलेला तुकडा पडला. मोडही जुना, गंजून काळा पडलेला!

बोल्ट लोण्यासारखा चालत होता, काडतूस आत-बाहेर होत होतं, खटाक आवाज येत होता. फक्त बार तेवढा होणार नव्हता. आणि तो होतो की नाही, हे खोडरबराचं बूड असलेली काडतुसं बिचारी कशी सांगणार?

योगेंद्रजींनी तो तुकडा तळहातावर घेऊन निरखला. पाण्याचा दुसरा ग्लास संपवला. मग बंडूजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्याहीबुवा, काडतूस असली होतं. तुमची बंदूकच नकली निघाली!"

साक्षगंध ठरल्या दिवशीच झालं. त्यात कुणी "सेफ्टी" हा शब्द उच्चारला नाही. बंडूजींना आता एकच शंका छळते. शेतातल्या त्या उद्धट डुकरांना हे आधीपासूनच माहीत होतं की काय!